डाळ-भाताची जोडी

चेन्नई शहरात दुपारचे साडेबारा वाजले की निरनिराळ्या ठिकाणी एकच वास दरवळू लागतो. सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यावरचे झाकण दूर होते. कचेऱ्यांत आणि कारखान्यांत डबे उघडले जातात. खानावळीत केळीच्या पानावर वाफाळलेला भात वाढला जातो. या सर्व ठिकाणी भातावर पडते ते सांबार. तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, शेवग्याच्या शेंगा, छोटे कांदे, हिंग आणि कढीपत्ता यांचा मिळून झालेला हा वास चेन्नईच्या माणसाला लहानपणापासून ओळखीचा असतो. भात व सांबार एकत्र कालवून केलेल्या या अन्नाला तमिळ भाषेत ‘सांबार सादम्’ म्हणतात. ‘सादम्’ म्हणजे भात.

हे जेवण साधे आहे. त्याला महागडे जिन्नस लागत नाहीत. तरीही ओझी वाहणारा हमाल, इमारतीच्या बांधकामावर राबणारी स्त्री आणि शाळेत जाणारे मूल या सर्वांना ते संध्याकाळपर्यंत पुरते. डाळ आणि भात यांच्या जोडीत असे कोणते सामर्थ्य आहे? ही जोडी केवळ दक्षिण भारताची आहे की जगात इतरत्रही आढळते? आणि ती घरी नीट व सुरक्षितपणे कशी शिजवावी? या प्रश्नांची उत्तरे इतिहासात, आहारशास्त्रात आणि स्वयंपाकघरातील रोजच्या अनुभवात सापडतात.

तंजावरहून चेन्नईपर्यंत

सांबाराच्या कथेत मराठी माणसाला विशेष रस वाटावा असे एक प्रकरण आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांनी इ. स. १६७५-७६ च्या सुमारास तंजावर येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. हे राज्य १८५५ मध्ये ब्रिटिशांनी खालसा केले. सुमारे १८० वर्षांच्या या काळात महाराष्ट्रातून अनेक कुटुंबे कावेरीच्या काठी येऊन स्थायिक झाली. त्यांनी आपली भाषा जपली, तसेच आपले खाणेपिणेही जपले. परंतु नव्या प्रदेशातील जिन्नसांशी त्यांना जुळवून घ्यावे लागले.

या जुळवणीविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. तंजावरच्या शहाजी राजांच्या मुदपाकखान्यात आंबट वरण करायचे होते. त्यासाठी लागणारी कोकणातील आमसुले संपली होती. तेव्हा आमसुलांऐवजी स्थानिक चिंचेचा कोळ घालण्यात आला. त्या वेळी संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले होते, म्हणून त्या पदार्थाला ‘सांबार’ हे नाव पडले, असे या कथेत म्हटले आहे. या घटनेला समकालीन कागदपत्रांचा आधार मिळत नाही. त्यामुळे ती इतिहास म्हणून न स्वीकारता आख्यायिका म्हणूनच वाचली पाहिजे. मात्र तिच्यात एक गोष्ट खरी आहे. माणूस स्थलांतर करतो तेव्हा त्याच्या हाताला पूर्वीची चव आठवत असते आणि समोर मात्र नव्या मातीत पिकलेला जिन्नस असतो. या दोहोंच्या मेळातून नवा पदार्थ जन्माला येतो.

तंजावरच्या राजघराण्याला पाककलेची आवड होती, याचा पुरावा मात्र उपलब्ध आहे. सरफोजी राजे दुसरे यांनी १७९८ ते १८३२ या काळात तेथील सरस्वती महाल ग्रंथालय विशेष समृद्ध केले. राजवाड्यातील पदार्थांची माहिती देणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हे मराठी हस्तलिखित याच ग्रंथालयात जपले गेले.

पुढे शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने तंजावरी मराठी कुटुंबे मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, येऊ लागली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण म्हणून गाजलेले राजा सर टी. माधवराव हे अशाच कुटुंबातील होते. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम येथे झाला, शिक्षण मद्रास येथे झाले आणि १८९१ मध्ये मद्रासच्याच मैलापूर भागात त्यांचे निधन झाले. अशा कुटुंबांच्या घरांत आमटी आणि सांबार ही एकमेकांची भावंडे होऊन राहिली.

जोडी का जमते?

शरीराची वाढ होण्यासाठी आणि झीज भरून निघण्यासाठी प्रथिनांची गरज असते. प्रथिने ही अमिनो आम्ल नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात. त्यांतील काही घटक शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागतात. तांदळात यांपैकी ‘लायसिन’ हा घटक कमी असतो. डाळी व कडधान्ये यांत लायसिन भरपूर असते, पण ‘मेथिओनिन’ हा दुसरा घटक कमी असतो. तो तांदळात पुरेसा असतो. म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणूनच डाळ व भात एकत्र खाल्ल्याने मिळणारी प्रथिने केवळ भाताच्या किंवा केवळ डाळीच्या प्रथिनांपेक्षा शरीराला अधिक उपयोगी पडतात. हे दोन्ही पदार्थ एकाच घासात असले पाहिजेत असे नाही; दिवसभराच्या आहारात दोन्ही असले तरी चालते. परंतु एकत्र वाढण्याची परंपरा असली की हा मेळ आपोआप साधला जातो.

१०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ८ ग्रॅम, तर १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम, तर ५५ किलो वजनाच्या प्रौढ स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. आहारतज्ज्ञ साधारणपणे तीन भाग धान्याला एक भाग डाळ असे प्रमाण सुचवतात. अनेक घरांत प्रत्यक्षात मात्र भात पुष्कळ आणि वरण पातळ असते. महिन्याचा खर्च भागवताना डाळीची मूठ लहान होत जाते. पोट भरते, पण शरीराचे पोषण अपुरे राहते. त्याचा पहिला परिणाम वाढत्या मुलांवर आणि गरोदर स्त्रियांवर होतो. म्हणून भातावरचे पाणी रंगीत आहे की त्यात खरोखर डाळ आहे, हा चवीचा प्रश्न नसून आरोग्याचा प्रश्न आहे.

ही गोष्ट ओळखूनच चेन्नईने फार पूर्वी एक प्रयोग केला. १९२० मध्ये मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्यास प्रारंभ केला. १९५६ मध्ये मुख्यमंत्री के. कामराज यांच्या काळात शालेय भोजनाची योजना राज्यभर वाढू लागली. १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना सुरू केली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांतील सरकारी प्राथमिक शाळांना शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला, तेव्हा तमिळनाडूचा अनुभव देशापुढे उदाहरण म्हणून होता. २०१३ मध्ये चेन्नई महापालिकेने ‘अम्मा उणवगम’ ही स्वस्त उपाहारगृहे उघडली. तेथे सांबार-भाताची थाळी पाच रुपयांना ठेवण्यात आली. गरिबाच्या ताटात काय असावे याचा विचार झाला, तेव्हा निवड पुन्हा डाळ-भाताचीच झाली.

सातासमुद्रापलीकडची जोडी

डाळ किंवा कडधान्य आणि भात यांची जोडी जगाच्या अनेक भागांत आढळते. महाराष्ट्रात वरण-भात व वालाची खिचडी, कर्नाटकात बिसी बेळे भात, उत्तर भारतात राजमा-चावल ही तिची रूपे आहेत. क्यूबा, हैती, जमैका आणि ब्राझील या देशांतही घेवड्याच्या बियांसारखी कडधान्ये भाताबरोबर खातात. या कुळातील एक प्रसिद्ध पदार्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लुइझियाना राज्यात होतो. त्याला तेथे ‘रेड बीन्स अँड राइस’ म्हणतात. मराठीत त्याला ‘लाल राजमा आणि भात’ असे म्हणता येईल.

चेन्नई आणि लुइझियाना यांच्यात एक जुना धागाही आहे. मद्रासच्या परिसरात विणलेले रंगीत चौकड्यांचे रुमाल अठराव्या शतकात समुद्रमार्गे कॅरिबियन बेटांवर व लुइझियानात पोहोचत. तेथील स्त्रिया ते डोक्याला बांधत. पुढे १७९१ मध्ये आजच्या हैतीत गुलामांनी मोठा उठाव केला. त्या धामधुमीत बेट सोडून निघालेल्या लोकांपैकी सुमारे नऊ हजार जण १८०९-१० मध्ये क्यूबामार्गे लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स या बंदरात आले. त्यांत गोरे मळेवाले होते, मुक्त कृष्णवर्णीय होते आणि गुलामही होते. कडधान्य-भात खाण्याची कॅरिबियन रीत न्यू ऑर्लिन्समध्ये रुजण्यास या स्थलांतराचा मोठा हातभार लागला, असे मानले जाते.

लुइझियानाच्या या खाद्यपरंपरेला बाहेरचे लोक सरसकट ‘केजन’ म्हणतात. केजन हे कॅनडाच्या अकेडिया भागातून १७५५ पासून हद्दपार केलेल्या फ्रेंच भाषकांचे वंशज होत. न्यू ऑर्लिन्स शहरातील आफ्रिकी, फ्रेंच आणि स्पॅनिश मिश्रणातून घडलेल्या परंपरेला ‘क्रिओल’ म्हणतात. लाल राजमा आणि भात हा मुळात क्रिओल पदार्थ असला, तरी तो दोन्ही समाजांच्या घरांत तितक्याच आवडीने शिजतो.

न्यू ऑर्लिन्समध्ये हा पदार्थ सोमवारी करण्याची प्रथा होती. सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस असे. घरातील स्त्रीचे दोन्ही हात दिवसभर साबणाच्या पाण्यात गुंतलेले असत. तेव्हा रविवारच्या जेवणातून उरलेले मांसाचे हाड आणि भिजवलेला राजमा एका भांड्यात घालून ते मंद आचेवर ठेवून दिले जाई. धुणे संपेपर्यंत राजमा मऊ होई आणि घरातील सर्वांना पोटभर जेवण मिळे. याच शहरात जन्मलेले विख्यात जॅझ वादक लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांना हा पदार्थ इतका प्रिय होता, की पत्राच्या शेवटी ‘आपला स्नेहांकित’ अशा अर्थाच्या शब्दांऐवजी ते या पदार्थाचे नाव घालून सही करत.

या पदार्थातही चेन्नईच्या सांबाराप्रमाणेच दूरच्या भूमींची भेट झालेली आहे. राजमा मूळचा अमेरिका खंडातला. तांदूळ मात्र तेथे बाहेरून गेला. उलट सांबारातील तूर भारताची, पण मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली. धान्यांनी आणि बियांनी माणसाबरोबर समुद्र ओलांडले आणि परक्या देशात नवे सोबती शोधले.

शिजवण्याचे तीन नियम

सांबार असो वा राजमा, कडधान्य नीट शिजण्यासाठी तीन नियम लक्षात ठेवावे लागतात.

पहिला नियम भिजवण्याचा. कोरडा दाणा पाणी शोषून फुगला की उष्णता त्याच्या आतपर्यंत लवकर पोहोचते. त्यामुळे इंधन वाचते. तुरीच्या डाळीला अर्धा तास पुरतो. राजमा, हरभरा यांसारख्या अख्ख्या कडधान्यांना रात्रभर भिजवावे लागते. पोटात वायू धरण्यास कारण ठरणाऱ्या काही शर्कराही भिजवलेल्या पाण्यात उतरतात. म्हणून ते पाणी टाकून द्यावे. चेन्नईसारख्या उष्ण व दमट हवेत फार दिवस साठवलेले कडधान्य कितीही शिजवले तरी कडक राहते. म्हणून ते बेताने आणावे आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावे.

दुसरा नियम पूर्ण उकळीचा, आणि राजम्याच्या बाबतीत तो कधीही मोडू नये. कच्च्या राजम्यात ‘लेक्टिन’ वर्गातील एक विषारी द्रव्य असते. लाल राजम्यात त्याचे प्रमाण विशेष जास्त असते. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. पूर्ण उकळत्या पाण्यात हे द्रव्य नष्ट होते. परंतु उकळी न येता नुसत्या गरम पाण्यात राजमा ठेवला तर त्याची विषारी शक्ती कमी न होता उलट वाढू शकते. म्हणून राजमा आधी खळखळून उकळावा आणि मगच आच मंद करावी. मंद उष्णतेवर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट शिजवू नये. प्रेशर कुकरमध्ये तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्यामुळे तो या कामास उत्तम आहे.

तिसरा नियम आंबटाचा. चिंच, टोमॅटो, लिंबू यांतील आम्लामुळे दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारा पदार्थ घट्ट राहतो आणि दाणा मऊ होत नाही. म्हणून डाळ पूर्ण शिजल्यावरच चिंचेचा कोळ घालावा. चेन्नईच्या अनेक भागांत विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियममुळेही डाळ शिजण्यास वेळ लागतो. अशा ठिकाणी डाळीसाठी पिण्याचे गोडे पाणी वापरावे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातल्यास डाळ लवकर शिजते हे खरे. पण त्यामुळे ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाचा नाश होतो. म्हणून ती सवय लावू नये.

सांबार-भात

चार माणसांसाठी ३०० ग्रॅम तांदूळ आणि १५० ग्रॅम तुरीची डाळ घ्यावी. चेन्नईत यासाठी बहुधा पोन्नी तांदूळ वापरतात. दोन शेवग्याच्या शेंगा, दहा-बारा छोटे कांदे, लाल भोपळ्याच्या काही फोडी, एक गाजर आणि एक वांगे एवढी भाजी पुरते. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून तिचा कोळ काढावा.

मसाल्यासाठी चार चमचे धणे, दोन चमचे हरभऱ्याची डाळ, एक चमचा जिरे, अर्धा चमचा मिरे, पाव चमचा मेथी आणि सहा-सात सुक्या मिरच्या थोड्या तेलावर मंद आचेवर भाजाव्यात. मेथी करपली तर मसाला कडू होतो. म्हणून ती शेवटी घालावी. गार झाल्यावर सर्व बारीक वाटावे.

भिजवलेली डाळ हळद घालून तिप्पट पाण्यात कुकरमध्ये शिजवावी. डाळीला फेस येतो, म्हणून कुकर निम्म्यापेक्षा अधिक भरू नये आणि वाफेची नळी मोकळी असल्याची खात्री आधीच करून घ्यावी. भात नेहमीपेक्षा मऊ शिजवावा. दुसऱ्या पातेल्यात कांदे परतून, भाज्या व पाणी घालून अर्धवट शिजवाव्यात. नंतर चिंचेचा कोळ, मीठ व वाटलेला मसाला घालून कच्चा वास जाईपर्यंत उकळावे. मग घोटलेली डाळ मिसळावी. शेवटी भात घालून सर्व एकजीव करावे. तेलात मोहरी, हिंग, सुकी मिरची व कढीपत्ता यांची फोडणी करून वरून ओतावी. परवडत असल्यास चमचाभर तूप घालावे. भात गार होताना घट्ट होतो. म्हणून उतरवताना तो थोडा सैलच ठेवावा.

या प्रमाणात प्रत्येकाला सुमारे १४ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणजे एका जेवणातच प्रौढ स्त्रीची दिवसाची सुमारे तीस टक्के गरज भागते.

लाल राजमा आणि भात

हाच भात आणि हीच शेगडी वापरून चेन्नईच्या घरात लुइझियानाचा पदार्थही करता येतो. चार माणसांसाठी २५० ग्रॅम लाल राजमा आणि ३०० ग्रॅम तांदूळ लागतो. तेथील स्वयंपाकात कांदा, हिरवी ढोबळी मिरची आणि सेलरी या तीन भाज्यांना पायाचे स्थान आहे. सेलरी मिळाली नाही तर कोथिंबिरीचे कोवळे देठ घालावेत. चव तंतोतंत तीच येत नाही, पण ताजा वास येतो. तेथे ‘थाइम’ नावाची सुगंधी पाने घालतात. त्या पानांचा मुख्य सुगंध ज्या द्रव्याचा असतो, तेच द्रव्य आपल्या ओव्यातही असते. म्हणून थाइमऐवजी दोन चिमटी ओवा चालतो.

राजमा भरपूर पाण्यात किमान बारा तास भिजवावा. पाणी टाकून, दाणे धुऊन, नवे पाणी घालावे आणि उघड्या भांड्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावे. वर आलेला फेस काढून टाकावा. नंतर राजमा कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या होईपर्यंत शिजवावा आणि आच मंद करून आणखी पंधरा मिनिटे ठेवावा. दाणा दोन बोटांत दाबला असता आत कणी न लागता त्याचे पीठ झाले पाहिजे. तसे झाले नाही तर पुन्हा शिजवावा. अर्धवट शिजलेला राजमा कोणासही वाढू नये.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून दोन कांदे खरपूस परतावेत. त्यात एक ढोबळी मिरची, सेलरी किंवा कोथिंबिरीचे देठ आणि सात-आठ लसूण पाकळ्या बारीक चिरून घालाव्यात. दोन तमालपत्रे, अर्धा चमचा मिरपूड, एक चमचा तिखट व ओवा घालावा. मग राजमा त्याच्या पाण्यासह ओतून मंद आचेवर अर्धा तास ठेवावा. लुइझियानात या वेळी धुरावलेल्या मांसाचे तुकडे घालतात. शाकाहारी घरांत ते वगळले तरी पदार्थाला उणेपणा येत नाही. शेवटी पाव भाग दाणे पळीच्या पाठीने भांड्याच्या कडेला चेपावेत. त्यामुळे रस दाट व सायीसारखा होतो. हेच या पदार्थाचे मर्म आहे. मीठ चवीप्रमाणे घालावे आणि मोकळ्या भातावर तो वाढावा. लिंबू पानात वाढावे, पातेल्यात पिळू नये.

यातून प्रत्येकाला सुमारे १८ ग्रॅम प्रथिने मिळतात. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. याउलट जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. म्हणून चहा तासाभराने घ्यावा.

उरलेल्या अन्नाची काळजी

दोन्ही पदार्थ दुसऱ्या दिवशी अधिक चविष्ट लागतात, असा अनेकांचा अनुभव आहे. परंतु उरलेल्या भाताविषयी सावध राहावयास हवे. तांदळातील काही सूक्ष्म जंतूंची बीजे उकळल्यानंतरही जिवंत राहतात. शिजवलेला भात उबदार हवेत तसाच पडून राहिला तर ती वाढतात आणि विष निर्माण करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. चेन्नईच्या उन्हाळ्यात तर ही वाढ वेगाने होते. म्हणून उरलेले अन्न पसरट भांड्यात लवकर गार करून दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे आणि खाण्यापूर्वी चांगले उकळावे. शीतकपाट नसेल तर बेतानेच शिजवावे. भिजवलेला राजमाही उन्हाळ्यात आंबू शकतो. म्हणून रात्री एकदा त्याचे पाणी बदलावे.

ज्ञान आणि अन्न

तंजावरच्या मुदपाकखान्यातील अनाम आचारी, न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारचे धुणे धुणारी स्त्री आणि चेन्नईतील शाळेत पोषण आहार शिजवणारी सेविका यांची कधी भेट झाली नाही. तरीही तिघांनी एकाच प्रश्नाला तोंड दिले: हाताशी थोडे असताना अनेकांचे पोट कसे भरावे? त्यांना लायसिन आणि मेथिओनिन ही नावे ठाऊक नव्हती. पण कडधान्य आणि भात एकत्र खाल्ल्याने अंगात बळ राहते, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

अनुभवाने जे सांगितले त्याचे कारण आज विज्ञानाने स्पष्ट केले आहे, आणि अनुभवाने जे धोके सोसले ते टाळण्याचा मार्गही दाखवला आहे. रात्री झोपण्यापूर्वी मूठभर कडधान्य पाण्यात टाकणे, सकाळी ते पाणी बदलणे, दाणा बोटांत दाबून पाहणे या कृती लहान आहेत. त्यांना पैसा फारसा लागत नाही. माहिती आणि थोडा धीर लागतो. ज्या घरात ही माहिती आहे, त्या घरात मोजक्या खर्चातही मुलांच्या ताटात पूर्ण अन्न पडू शकते.